परिपथाचे वाक्य : ‘सर्किट स्टिकर स्केचबुक’चे एक वाचन

वहीच्या पानावर विजेचा दिवा लावणे ही गोष्ट प्रथमदर्शनी खेळण्यात जमा होण्यासारखी आहे, आणि तिच्या पुरस्कर्त्यांनीही ती पुष्कळदा खेळ म्हणूनच पुढे केली आहे. परिणामी तिच्याविषयीच्या लेखनात कौतुक भरपूर आणि परीक्षण थोडे, असे होते. जिए ची यांचे ‘सर्किट स्टिकर स्केचबुक’ (२०१४) हे या प्रकारातील सर्वपरिचित पुस्तक. ते उपकरणांची पुस्तिका म्हणून न वाचता एक संहिता म्हणून वाचले, तर काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पुस्तकाची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये लिआ बीक्ली यांच्या ‘हाय-लो टेक’ या गटात कापड, कागद, रंग अशा जुन्या हस्तव्यवसायांच्या साधनांशी इलेक्ट्रॉनिक्सची सांगड घालण्याचे प्रयोग झाले. बीक्ली आणि ची यांचा ‘इलेक्ट्रॉनिक पॉपेबल्स’ हा उघडमिटीच्या चित्रपुस्तकाविषयीचा निबंध २०१० मधला. पुढे ची यांनी अँड्र्यू हुआंग यांच्यासह लवचीक पट्टीवर बसविलेले, पाठीमागे वाहक गोंद असलेले एलईडीचे स्टिकर तयार केले. प्रस्तुत पुस्तक त्या स्टिकरांचे सहचर होय. सामग्री मोजकीच : तांब्याची चिकटपट्टी, तीन व्होल्टचा बटणसेल, स्टिकर आणि पुस्तकाचे पान.

या सामग्रीतून जे घडते त्याचे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष कुतूहल वाटावे. पाठ्यपुस्तकातील परिपथाची आकृती ही चिन्हांची रचना असते. तिच्यातील रेघ म्हणजे तार नव्हे, तारेचे चिन्ह. विद्यार्थी आकृती एकीकडे काढतो आणि जोडणी दुसरीकडे, बहुधा प्रयोगशाळेच्या टेबलावर, करतो. या दोहोंमधील अंतर ओलांडणे हेच त्याला अवघड जाते. ची यांच्या पानावर हे अंतरच नाहीसे होते. आकृतीतील रेघेवर तांब्याची पट्टी चिकटविली की आकृती हाच परिपथ होतो. पर्स यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर सादृश्याने अर्थ देणारे चिन्ह आणि त्याचा निर्देश्य पदार्थ येथे एकाच जागी येतात. आणि उजळणारा दिवा हे जोडणी पूर्ण झाल्याचे निर्देशक चिन्ह ठरते, धूर जसा अग्नीचा.

मीमांसकांनी आणि नैयायिकांनी वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी सांगितल्या आहेत. त्या या पानाला लावून पाहिल्या तर विद्यार्थ्याच्या चुकांचे बऱ्यापैकी वर्गीकरण होते. दिव्याचे एक टोक सेलला जोडले आणि दुसरे मोकळे राहिले, तर आकांक्षा अपुरी राहिली. दिवा उलटा चिकटविला, किंवा एका बटणसेलवर दोन पांढरे दिवे एकसर जोडले, तर दोष योग्यतेचा. तेथे पदे सर्व हजर असूनही ‘विस्तवाने शिंपतो’ या शास्त्रकारांच्या उदाहरणासारखी परस्परांना पटत नाहीत, कारण पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि दोघांची मिळून गरज सेलच्या दुप्पट होते. पट्टी कोपऱ्यावर कापून दुसरा तुकडा नुसता वर चिकटविला, तर संनिधी बिघडते. साध्या पट्टीचा गोंद वीज नीट वाहू देत नाही, म्हणून पट्टी न तोडता दुमडावी लागते. मात्र हे साम्य ताणू नये. भाषेत एखादे अक्षर पुसले गेले तरी वाचक संदर्भाने ते भरून काढतो. भाषेत आधिक्य असते. तांब्याच्या रेघेत असे आधिक्य मुळीच नाही. केसाएवढी फट पडली तरी दिवा लागत नाही, आणि सहृदय वाचकाची येथे काही मदत होत नाही. हस्ताक्षराच्या गबाळेपणाला वर्षानुवर्षे सूट मिळालेल्या विद्यार्थ्याला हा अनुभव हितकारकच होय.

येथवर पुस्तकाची बाजू बळकट आहे. त्याची खरी उणीव त्याच्या मांडणीत आहे. प्रत्येक प्रकरणात आधी परिपथाचा छापील आराखडा येतो. पट्टी कोठे लावावी, सेल कोठे ठेवावा, कोपरा कसा दुमडावा, हे सर्व ठरलेले. त्यावर आच्छादणाऱ्या पानातून उजेड झिरपतो आणि त्या उजेडाभोवती विद्यार्थ्याने आपले चित्र काढावयाचे असते. म्हणजे सर्जनाला जागा आहे, पण ती परिपथ पुरा झाल्यानंतरची. दिवा आधी मिळतो आणि सांगावयाचे ते मागाहून शोधावे लागते. अशा वेळी विद्यार्थी जे सांगतो ते बहुधा दिव्याला शोभेलसे असते : चांदणी, काजवा, खिडकी. या चित्रांत वाईट काही नाही. परंतु दिवा काढून घेतला तरी त्यांचा अर्थ फारसा बदलत नाही. तेथे दिवा अलंकार ठरतो, पद ठरत नाही. आपल्याकडील प्रयोगाच्या जर्नलमध्ये सुबक आकृती काढून गुण मिळविण्याची जी रीत आहे, तिच्यापासून हे पान वाटते तितके दूर नाही.

प्रकरणांचा क्रम पाहिला तर लेखिकेला ही मर्यादा जाणवली असावी असे वाटते. साधा परिपथ, समांतर जोडणी, घरगुती स्विच, सरकता लुकलुकता स्विच आणि शेवटी दाबसंवेदक, असा तो चढता क्रम आहे. स्विच आला की वाचकाचे बोट पानात येते, आणि कर्ता बदलतो. दाबसंवेदकाचे प्रकरण तर सर्वांत अर्थगर्भ आहे. वाहक प्लॅस्टिकचा तुकडा दाबला की त्याचा रोध उतरतो आणि दिवा दाबाच्या मानाने कमीअधिक उजळतो. स्विच ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच बोलतो, तर हा तुकडा मात्रा बोलतो. भाषेत वर्ण एक तर हा असतो किंवा तो. पण आघात आणि सूर यांना चढउतार असतो. हा भेद विद्यार्थ्याच्या बोटाला कळावा ही सामान्य गोष्ट नव्हे.

स्विचांच्या जोडणीतून याहून पुढे जाता येते. क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत सादर केलेल्या प्रबंधात दाखवून दिले होते की, स्विचांची जोडणी ही तर्कातील संयोजकांप्रमाणे वागते. एकसर जोडलेले दोन स्विच म्हणजे ‘आणि’, समांतर जोडलेले म्हणजे ‘किंवा’. समजा, विद्यार्थ्याच्या गोष्टीत वाक्य आहे : दोघे भाऊ घरी परतले की देवळीत दिवा लागतो. पानाच्या दोन कोपऱ्यांत दोन स्विच एकसर जोडले तर दोन्ही कोपरे दाबल्यावाचून ती देवळी अंधारीच राहील. ‘दोघांपैकी कोणीही आला की’ असे वाक्य बदलले तर जोडणीही बदलावी लागेल. आणि ‘थोरला आला की धाकटा?’ या प्रश्नातील ‘की’ तर समांतर जोडणीत मावतच नाही. ‘किंवा’ दोघांनाही एकदम येऊ देतो, हा ‘की’ उत्तरादाखल एकालाच मागतो. दोघांपैकी नेमका एक आला तरच लागणारा दिवा हवा असेल, तर जिन्यावरच्या दिव्याप्रमाणे दोन्ही मजल्यांवर दुहेरी स्विच बसवावे लागतात. या ठिकाणी दिवा काढून टाकता येत नाही, कारण वाक्याचा अर्थ त्याच्या जोडणीत आहे. शिवाय आपल्या अव्ययांतील सूक्ष्म भेद विद्यार्थ्याला व्याख्येवाचून उमगतो, हा लाभ व्याकरणाच्या तासाला सहसा होत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोची नेक्समॅप ही संस्था आणि लेखनशिक्षकांची ‘नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट’ ही संघटना यांनी ‘ट्वेन्टीफर्स्ट सेंच्युरी नोटबुकिंग’ या नावाखाली वही आणि परिपथ एकत्र आणले. हा पुढाकार विज्ञानशिक्षकांपुरता राहिला नाही, त्यात लेखनाचे शिक्षकही आले, हे लक्षणीय आहे. लेखनाचा शिक्षक ‘दिवा लागला का’ एवढ्यावर थांबत नाही. तो ‘येथे दिवा कशासाठी’ असेही विचारतो. वहीचा मूळ धर्मही त्याला ठाऊक असतो : ती खोडाखोडीची जागा आहे, प्रदर्शनाची नव्हे. कागदावर घट्ट बसलेली तांब्याची पट्टी काढू गेल्यास कागद सोलून निघतो. चूक पानावर राहते, आणि तिच्यावर ठिगळासारखी दुसरी पट्टी लावावी लागते. अशा ठिगळांच्या पानात विद्यार्थ्याच्या विचाराचा जो इतिहास उरतो, तो छापील आराखड्यावर नीट चिकटविलेल्या पानात सापडत नाही.

स्टिकर महाग पडत असतील तर त्यांच्याविना अडत नाही. साध्या एलईडीचे पाय पसरून पट्टीखाली दाबले तरी काम भागते. बटणसेलच्या अंतर्गत रोधामुळे वेगळा रोध लावावा लागत नाही. तांबडा आणि निळा दिवा समांतर जोडला तर निळा विझलेला राहतो, कारण तांबड्याला कमी व्होल्ट पुरतात आणि तो सेलचा दाब खाली ओढतो. हा अपघात मुद्दाम घडू द्यावा. सेल मात्र लहान मुलांच्या हाती सुटा देऊ नये. तो गिळला गेल्यास प्राणावर बेतते. पुस्तकातील स्पष्टीकरणाची पाने वर्गात अवश्य वाचावीत. आराखड्याची पाने वाटण्याऐवजी शिक्षकाने कोरे पान द्यावे, वर एक वाक्य लिहावे, आणि त्या वाक्यात दिवा कोठे व कोणत्या अटीवर लागावा हे विद्यार्थ्याला आधी शब्दांत लिहावयास सांगावे. तांब्याची पट्टी त्यानंतर.