बाकडे आणि ढग

पेडणे-डिचोलीच्या रसिकांस दशावतारी रंगभूमीवरील बाकडे अपरिचित नाही. तेच सिंहासन होते आणि तेच पर्वतही होते. मृदंगाची थाप व पेटीचे सूर पालटले की प्रेक्षक मनाने स्थळ बदलतो. पडद्यावरच्या जुन्या व्हिडिओ खेळांचे मर्म जाणण्यास हा संस्कार फार उपयोगी आहे, असे आम्हांस वाटते.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ पाहावा. १९९०च्या दशकात नक्कल केलेल्या यंत्रांद्वारे तो आपल्याकडील घरांतही पोहोचला. सारा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला! म्हणून आकाशातला ढग व भुईवरचे झुडूप यांची आकृती एकच. रंग तेवढा निराळा. हेच ते बाकडे होय.

संगीताचीही तीच कथा. कोजी कोंडो यांच्या हाती तीन सूर व तालासाठी एक खरखर, एवढीच सामग्री होती. नायकाने उडी घेतली की तिच्या आवाजासाठी एक सूर क्षणभर बाजूस सरतो. भुयारात विटांचा रंग पालटतो. उरलेले भय थबकत चालणारे सूर निर्माण करतात. वेळेचे शंभरच अंक उरले की चाल द्रुत होते. युद्धप्रसंगी मृदंगाची लय चढते, ती याहून वेगळी काय?

तथापि साधनांचे दारिद्र्य म्हणजे कला नव्हे. त्याच यंत्रावर नीरस खेळही पुष्कळ निघाले. उलट १९९१ सालच्या सेगाच्या 'सॉनिक'मध्ये रंग अधिक, देखाव्याचे थर निरनिराळ्या गतीने सरकणारे. परंतु ते वैभव धावेच्या वेगासाठी राबते, म्हणून शोभते. साधन कृतीच्या सेवेस आहे की नाही, हीच खरी कसोटी.

हीच कसोटी आज आपल्या दशावतारासही लावावी लागेल. 'ट्रिकसीन'च्या प्रयोगांस गर्दी लोटते. युक्तीस आमचा विरोध नाही. परंतु नट व मृदंग मिळून जे घडवीत, ते धूर व दिवेच करू लागले, तर प्रेक्षकाच्या कल्पनेस काम उरत नाही. बाकडे पर्वत होते ते प्रेक्षकाच्या मनात. तेथून ते उचलले गेले, तर रंगमंचावर केवळ लाकूड उरेल.