भेगवृद्धीचे नियम आणि पुराव्याची व्याप्ती

पॉल पॅरिस व फाझिल एर्दोगान यांचा भेगप्रसाराच्या नियमांची चिकित्सा करणारा निबंध १९६३ साली अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धातूवर भार पुनःपुन्हा येत-जात राहिला म्हणजे, तो एका वेळी धातू मोडण्याइतका नसला तरीही, धातूत भेग पडते व वाढत जाते. या व्यापारास धातूची श्रांती म्हणतात. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने आकाशात फुटली. पहिल्याचे समुद्रातून काढलेले अवशेष आणि त्याच जातीच्या दुसऱ्या एका विमानाची पाण्याच्या टाकीत केलेली चाचणी यांवरून श्रांती हेच कारण निघाले. भेग किती झपाट्याने वाढते या प्रश्नाचे गांभीर्य तेथे उघड झाले. येथे वाढीचा दर घड्याळाने मोजावयाचा नसून, भाराच्या एका चक्रात भेगेची लांबी किती वाढते असा मोजावयाचा असतो.

या दराविषयी निबंधापूर्वी अनेक नियम मांडले गेले होते. हेड यांच्या १९५३ च्या नियमानुसार भेगेची लांबी दुप्पट झाली असता दर सुमारे २.८ पट होतो. फ्रॉस्ट व डगडेल यांच्या १९५८ च्या नियमानुसार तो केवळ दुप्पट होतो. लिऊ यांनीही दर लांबीच्या प्रमाणातच मानला. परंतु फ्रॉस्ट व डगडेल यांच्या मते तो प्रतिबलाच्या घनावर, तर लिऊ यांच्या मते वर्गावर अवलंबून असतो. हे नियम परस्परांशी विसंगत आहेत, आणि तरीही प्रत्येकाच्या पाठीशी प्रयोगांचा आधार आहे. हे कसे घडते, याचा उलगडा हे या निबंधाचे खरे कर्तृत्व होय. थोड्याशा नमुन्यांवरील मोजमापांशी यांतील सर्वच नियम जुळवून दाखविता येतात, असे लेखकद्वयाने सिद्ध केले. एका नमुन्यात भेगेची लांबी फार पटींनी बदलत नाही, मोजमापांत विखुरणी असते आणि स्थिरांक निवडण्याची मोकळीक असते. अशा स्थितीत आकडे जुळणे हा नियमाचा पुरावा ठरत नाही. अनेक नमुन्यांवर आणि दराच्या दहादहा पटींच्या अनेक पायऱ्यांवर जो टिकेल, तोच नियम ग्राह्य, अशी कसोटी त्यांनी घातली.

या कसोटीवर त्यांनी स्वतःचे सूत्र उभे केले. भेगेच्या टोकाशी प्रतिबलाची जी तीव्रता निर्माण होते ती प्रतिबल आणि लांबीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते; या तीव्रतेतील चढउताराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात भेग वाढते, असे हे सूत्र सांगते. लांबी दुप्पट झाली तर दर चौपट. भेगवृद्धीचा दर या तीव्रतेशी जोडण्याची कल्पना पॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच मांडली होती. प्रमुख नियतकालिकांनी नाकारलेला तो लेख वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका पत्रिकेत छापला गेला. विद्यापीठीय पत्रिकांचे मोल जाणण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

तथापि, हीच कसोटी या सूत्रास लावली असता काही उणिवा दिसतात. निबंधातील निर्णायक आलेख विमानबांधणीतील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे आहेत. पुढील अनुभवाने धातूंमध्ये घातांक सामान्यतः २ ते ४ यांच्या दरम्यान, तर काही सिरॅमिक पदार्थांत १५ हूनही अधिक आढळला. लॉगरिथमी आलेखावरील सरळ रेषा अनेक पायऱ्या कवेत घेते खरी, परंतु तिच्या आसपासची तिपटीची विखुरणी डोळ्यांस किरकोळ भासते. दर तिप्पट धरला की आयुष्य तिसऱ्या हिश्श्यावर येते. अनेक नियमांतून एक निवडण्यास जो पुरावा पुरतो, तो एखाद्या भागाचे आयुष्य ठरविण्यास पुरतोच असे नाही.

सूत्रातूनच निघणारा एक निष्कर्ष याहून महत्त्वाचा आहे. रुंद पत्र्यावर प्रतिबलाचे चढउतार सारखेच राहिले, तर १ मिलिमीटरची भेग २ मिलिमीटर होण्यास जितकी चक्रे लागतात, तितक्याच चक्रांत २ मिलिमीटरपासून पुढची सारी वाढ उरकते. अर्धे आयुष्य त्या पहिल्या मिलिमीटरच्या वाढीतच खर्च होते. म्हणजे आयुष्याचा हिशेब जेथे ठरतो, तो भाग आलेखाच्या खालच्या टोकाचा. आणि सूत्र डळमळते ते तेथेच. तीव्रतेतील चढउतार एका मर्यादेखाली गेला म्हणजे लांब भेगेची वाढ जवळजवळ थांबते. ही मर्यादा सूत्रात नाही. उलट, अतिशय आखूड भेगा तितक्याच तीव्रतेला लांब भेगांहून झपाट्याने वाढतात, असे १९७५ मध्ये पिअर्सन यांनी दाखविले. पहिली त्रुटी हिशेबास सुरक्षिततेकडे झुकविते, दुसरी धोक्याकडे. चक्रातील सरासरी प्रतिबलासही सूत्रात स्थान नाही. भार ओसरताना, ताण शिल्लक असतानाच भेग मिटते, हे एल्बर यांचे १९७० च्या सुमाराचे निरीक्षण पुढे आल्यावर त्याच्या प्रभावाचा बराच उलगडा झाला.

या उणिवांचा सर्व दोष लेखकद्वयाकडे जात नाही. त्यांनी आपल्या सूत्रास मोजमापांचा सर्वसाधारण कल दाखविणारा साधा अनुभवजन्य नियम म्हटले होते. पुढे पाठ्यपुस्तकांत तो ‘पॅरिसचा नियम’ झाला आणि विशेषणे गळून केवळ ‘नियम’ हा शब्द उरला. संस्कृत व्याकरणपरंपरेत सामान्य नियमास उत्सर्ग म्हणतात आणि त्याच्यासोबत अपवादांचे क्षेत्रही सांगावे लागते. ते न सांगणारे व्याकरण सदोष ठरते. भेगवृद्धीचा हा उत्सर्ग मौलिक आहे, परंतु त्याचे क्षेत्र प्रत्येक उपयोगाच्या वेळी सांगितले गेले पाहिजे. स्थिरांक आणि घातांक उद्धृत करणाऱ्या प्रत्येक प्रबंधात ते कोणत्या धातूवर, कोणत्या सरासरी प्रतिबलास आणि किमान किती लांबीच्या भेगेवर मिळाले याची नोंद असावी. थोड्या पुराव्यावर नियम स्वीकारू नये, ही १९६३ ची शिकवण त्याच निबंधाच्या सूत्रासही लागू पडते.