यशोगाथेत न आलेली गुळवेल

मुळशी तालुक्यात, भरे असो वा पौड, गुळवेल शोधायला फार लांब जावे लागत नाही. कुंपणावर, कडुनिंबावर ती चढलेली असते. २०२० साली कोविडच्या साथीत हिला एकाएकी भाव आला. कातकऱ्यांच्या वस्त्या मुळशीत आहेत तशा ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरातही आहेत. तिथल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकली आणि २०२१ मध्ये ‘ट्रायफेड’ या सरकारी संस्थेने त्यांची यशोगाथा सांगितली : कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी!

खैरापासून कात काढणारे म्हणून ज्यांना कातकरी हे नाव पडले, त्यांच्या हाती साथीच्या दिवसांत चार पैसे आले याबद्दल कुणाचीच तक्रार असणार नाही. खटकते ते वेगळेच. या कथेत कातकरी हा फक्त वेल तोडणारा आहे. कोणती वेल घ्यायची, कोणाला द्यायची, किती दिवस द्यायची हे जाणणारा माणूस त्यात दिसत नाही. शहरात पोचले ते वेलीचे खोड आणि ‘आदिवासींचे औषध’ हा शिक्का.

मग काय झाले? सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्तर दिले, की वनस्पतीची नीट ओळखच पटवलेली नाही. ती गुळवेलीसारखी दिसणारी, यकृताला अपायकारक अशी दुसरी जात असू शकेल. शंका रास्त होती. पण याच मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२० च्या कोविड-मार्गदर्शिकेत गुळवेलीची शिफारस होती. घरोघरी काढा उकळणाऱ्यांपैकी कितीजणांना दोन जातींतला फरक ओळखता आला असता? २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. मिळालेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणीही केली. ती गुळवेलच निघाली. काही जणांमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य ऐकायला वाटते तितके निरुपद्रवी नाही.

इथे परंपरेची मर्यादाही मान्य करायला हवी. ताप उतरला की नाही हे वैदूला दोन दिवसांत कळते. काही आठवड्यांनी, हजारोंतल्या एखाद्यालाच होणारी कावीळ मात्र एका वैदूला त्या वेलीशी जोडता येणार नाही; त्यासाठी अनेक दवाखान्यांतल्या नोंदी एकत्र याव्या लागतात. शिवाय हा विषाणूच नवा होता. त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असणार तरी कुठून?

वर्गात गुळवेलीचे खोड आडवे कापून भिंगाखाली जरूर पाहावे. गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. वरची पातळ साल सोलून निघते. पाने हृदयाच्या आकाराची, गुळगुळीत. त्याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीच्या पानांवर लव असते. चव मात्र कुणी घेऊ नये. आणि वस्तीवरच्या एखाद्या जाणत्या आजीला शाळेत बोलावलेत, तर ‘ही कशावर चालते?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘आजी, ही कुणाला देत नाही?’ हेही विचारा, आणि उत्तर मुलांना वहीत तारखेसह लिहायला लावा.