संप्रेरकांचा दोन रकान्यांचा तक्ता

प्रजनन संस्था शिकवताना फळ्यावर एक तक्ता हमखास काढला जातो. एका रकान्यात ‘पुरुष संप्रेरक : टेस्टोस्टेरॉन’, दुसऱ्यात ‘स्त्री संप्रेरके : इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन’. तक्ता लक्षात ठेवायला सोपा आहे आणि परीक्षेत गुणही मिळवून देतो. परंतु विद्यार्थी त्यातून जो अर्थ घेतात तो चुकीचा आहे, आणि ही चूक केवळ शब्दांपुरती राहत नाही, असे आम्हांला वाटते.

आधी तक्त्याची बाजू पाहू. प्रौढ पुरुषाच्या 100 मिलिलिटर रक्तात साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते, तर स्त्रीच्या रक्तात 15 ते 70. फरक मोठा आहे. मात्र मधे रेघ मारली की कमी-अधिकाचा हा फरक ‘आहे’ आणि ‘नाही’ असा होऊन बसतो. आता स्त्रीच्या रक्तातलेच दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. तिच्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण दर मिलिलिटरला 150 ते 700 पिकोग्रॅम भरते. इस्ट्रॅडिऑल हे प्रमुख इस्ट्रोजेन मासिक पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत बहुधा 100 पिकोग्रॅमच्या आत असते आणि अंडमोचनाच्या आधी थोडाच काळ 200 ते 400 पर्यंत चढते. म्हणजे महिन्यातील बहुतेक दिवस ‘स्त्री संप्रेरका’पेक्षा ‘पुरुष संप्रेरक’च तिच्या रक्तात अधिक असते!

ही माहिती नवी नाही. बर्नहार्ड झोंडेक यांना घोड्याच्या, म्हणजे नराच्या, मूत्रात विपुल इस्ट्रोजेन आढळले ते 1934 साली. पुढच्याच वर्षी अर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलाच्या वृषणातून एक द्रव्य वेगळे केले आणि वृषणावरूनच त्याला ‘टेस्टोस्टेरॉन’ हे नाव दिले. द्रव्य जिथे सापडले तिथले नाव त्याला चिकटले, आणि नावावरून लोकांनी त्याचे काम ठरवले.

अंडाशयात प्रत्यक्ष काय घडते? वाढत्या पुटिकेत अंडपेशीभोवती पेशींचे दोन थर असतात. बाहेरच्या थरातील थीका पेशी पियुषिका ग्रंथीच्या एलएच संप्रेरकाच्या सांगण्यावरून कोलेस्टेरॉलपासून अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या कुळातील द्रव्ये, बनवतात. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींना हे काम जमत नाही. परंतु त्यांच्याकडे अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर असते. एफएसएच या संप्रेरकाच्या प्रभावाखाली हे विकर 19 कार्बन अणूंच्या अँड्रोजेनमधील एक कार्बन काढून टाकते आणि 18 कार्बनचे इस्ट्रोजेन तयार होते. थोडक्यात, अँड्रोजेन हा इस्ट्रोजेनचा कच्चा माल आहे.

त्याचे काम कच्च्या मालापुरतेही नाही. जपानी शास्त्रज्ञांनी 2006 साली अँड्रोजेनचा ग्राही, म्हणजे रिसेप्टरच नसलेल्या उंदराच्या माद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या माद्यांना एका वेतात नेहमीच्या निम्मीच पिल्ले होत, आणि 40 आठवड्यांच्या वयात त्यांच्या अंडाशयातील पुटिका पूर्ण संपून त्या वंध्य झाल्या. लहान पुटिकांची वाढ आणि त्यांचे टिकून राहणे यांत अँड्रोजेनचा स्वतःचा वाटा आहे, हे यावरून दिसते.

अर्थात ‘हवे’ म्हणजे ‘जितके जास्त तितके चांगले’ नव्हे. पीसीओएस या विकारात बहुधा अँड्रोजेन वाढलेले असते. अंडाशयात अनेक लहान पुटिका वाढू लागतात, पण अर्ध्यावर थांबतात आणि अंडमोचन अनियमित होते. स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी अशा सात स्त्रियांचे वर्णन 1935 सालीच केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील दर 100 स्त्रियांपैकी साधारण 10 जणींना हा विकार असतो. म्हणजे आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतही अशा मुली असू शकतात.

इथे तक्त्याची किंमत मोजावी लागते. हनुवटीवर केस आलेल्या, पाळी लांबणाऱ्या मुलीला ‘तुझ्यात पुरुषाचे संप्रेरक आहे’ असे कोणी म्हटले, तर तक्ता पाठ असलेली ती मुलगी काय समजेल? आपल्या बाईपणातच काही खोट आहे, असेच. मग ती गप्प बसते आणि डॉक्टरांकडे जाणे लांबते. खरे उत्तर साधे आहे : हे संप्रेरक प्रत्येक मुलीत असते, तुझ्यात ते थोडे जास्त झाले असेल, आणि त्यावर उपचार आहेत.

उलट बाजूची चूकही होते. ‘अँड्रोजेन अंडाशयाला उपकारक’ एवढेच ऐकून डीएचईए या अँड्रोजेनच्या गोळ्या सल्ल्याविना घेणे योग्य नाही. कृत्रिम गर्भधारणेतील अशा उपचारांचा कॉक्रेन संस्थेने 2015 साली आढावा घेतला. त्यात सदोष पद्धतीच्या चाचण्या वगळल्यावर डीएचईएचा फायदा ठामपणे सांगण्याजोगा उरला नाही.

म्हणून आमची सूचना अशी. तक्ता पुसून त्या जागी ‘कोलेस्टेरॉल – अँड्रोजेन – इस्ट्रोजेन’ अशी साखळी काढावी. ती अंडाशयात चालते आणि कमी प्रमाणात वृषणातही चालते, हे सांगावे. मग ‘हे संप्रेरक कोणाचे?’ याऐवजी ‘ते कुठे, किती आणि कशासाठी?’ असे विद्यार्थ्यांना विचारावे. तास तेवढाच लागेल, आणि वर्गातल्या एखाद्या मुलीच्या मनावरचे ओझे उतरेल.