वंशावळीत नसलेली कोळीण

वंशावळ हा निरुपद्रवी वाङ्मयप्रकार नाही. राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली 'महिकावतीची बखर' वाचावी. बिंबराजाबरोबर उत्तर कोकणात आलेल्यांची कुळे, गोत्रे, वतने तिच्यात येतात. मुंबईच्या इतिहासाचे ते मोठे साधन, हे मान्य. पण तिथे इतिहास सुरू होतो तो राजा आल्यावर. त्याच्या आधीपासून वरळी-माहीमच्या पाण्यात ज्यांची जाळी पडत होती, त्यांच्यासाठी ती लिहिलेली नाही.

वरळी कोळीवाड्यातला तरुण आज घराण्याचा शोध घेतो तो बहुधा हौसेने नव्हे. विशेष मागास प्रवर्गाच्या सवलतीसाठी पडताळणी समितीपुढे त्याला शपथेवर वंशावळ मांडावी लागते आणि पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लागतो. आपल्या, अनुसूचित जातींच्या, बाबतीत ती तारीख १० ऑगस्ट १९५०, दुखणे एकच. आजोबा शाळेची पायरी चढलाच नसेल तर दाखला आणायचा कुठून? आणि वंशावळ म्हणजे बापाचा बाप, त्याचा बाप. मासळी बाजारातली बसायची जागा अनेकदा सासूकडून सुनेकडे येते, त्या टोपलीवर घर चालते. ती ओळ कागदावर उतरत नाही.

ही खोड जुनी आहे. आदिपर्वात मासळीच्या पोटातून जुळे निघते. मुलगा उपरिचर राजा ठेवून घेतो. मुलीच्या अंगाला मासळीचा वास, ती धीवराच्या पदरात. तीच सत्यवती, व्यासाची आई. धृतराष्ट्र आणि पांडू व्यासाचे पुत्र, म्हणजे पुढचा कुरुवंश शंतनूच्या रक्ताचा नव्हे, कोळणीच्या रक्ताचा! हे पचणारे नव्हते. म्हणून कथेने तिला आधीच एक राजा बाप देऊन ठेवला. आमचे समीक्षक या कथेत रूपके शोधत बसतात; रक्ताची ही दुरुस्ती त्यांना दिसत नाही.

हा मोह आपल्यालाही सुटलेला नाही. गोपाळबाबा वलंगकरांच्या १८९४ च्या अर्जात महार मूळचे क्षत्रिय असल्याचे म्हटले होते. पलटणीची दारे बंद झालेली, मागणी शंभर टक्के न्याय्य. पण तिच्या पुष्ट्यर्थ पूर्वज मात्र राजवंशातले उभे करावे लागले. वलंगकरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यापुढे दुसरी भाषाच नव्हती. आज ती आहे. कोळीवाड्यातल्या लेखकाने घराण्याचा इतिहास लिहिताना बिंबराजाच्या यादीत आपले आडनाव शोधू नये. बाजारात बसलेल्या आपल्या आईला आधी विचारावे, ही जागा तुला कोणी दिली, आणि तिला कोणी.