गावचा दवाखाना आणि अपूर्णांकाचा छेद

अपूर्णांक शिकवताना आपण एक गोष्ट पक्की करून घेतो. अंश तोच ठेवून छेद वाढवला, तर वाटा लहान होतो. एक भाकरी चौघांत वाटली तर चतकोर, आठांत वाटली तर नितकोर. सरकारी आरोग्यसेवेची चर्चा निघाली की मात्र आपण फक्त अंशाविषयी बोलतो. यंदा किती कोटींची तरतूद झाली, मागच्या वर्षीपेक्षा किती वाढली, इत्यादी. ही भाकरी किती जणांत वाटायची आहे, हे कोणी विचारत नाही. २०१७ चे राष्ट्रीय आरोग्य धोरण या दृष्टीने तपासून पाहू, आणि उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके घेऊ.

आधी धोरणाचे श्रेय त्याला द्यायला हवे. आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करावा, राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्याला द्यावी आणि एकूण निधीपैकी दोन तृतीयांश किंवा अधिक प्राथमिक सेवेवर खर्चावा, असे ते स्पष्टपणे सांगते. ही उद्दिष्टे गाठली गेली नाहीत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, म्हणजे महासाथीच्या काळातही, सरकारी खर्च १.८४ टक्के होता. महाराष्ट्रही आठ टक्क्यांपर्यंत पोचला नाही. ही झाली अंशाची कथा. ती सांगितली जाते आणि सांगायलाच हवी.

आता छेदाकडे वळू. १९४६ साली भोर समितीने तूर्त ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले होते. आजचा सपाट प्रदेशातील निकष ३० हजार लोकांमागे एक केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र असा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शिरूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८५ हजार आणि दौंडची सुमारे ३ लाख ८० हजार होती. दोन्ही शहरे वगळून भागाकार केला, तर शिरूरला साधारण बारा आणि दौंडला अकरा केंद्रे येतात. गणित बरोबर आहे. पण त्यात घातलेला आकडा बरोबर आहे का?

रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखाने आले आणि त्यांच्यामागून मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून कामगार आले. दहा बाय दहाच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. दौंडमध्ये कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे, गुऱ्हाळे आहेत, आणि गळीत हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. ही माणसे आजारी पडतात ती इथे, त्यांची मोजदाद होते ती गावाकडे, आणि कित्येकदा कुठेच नाही. त्यात २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली. कारखान्यांचा पट्टा कायद्याने ग्रामपंचायतींचा असल्यामुळे शहरी आरोग्य अभियानही तिथे पोचत नाही. त्या अभियानाची सर्वसाधारण रेषा ५० हजार लोकसंख्येची आहे. २०११ मध्ये दौंड शहर ४९ हजार ४५० वर होते! साडेपाचशे माणसे इकडची तिकडे झाली की निकष बदलतो.

दौंड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात भिंतीवरील फलकावर लोकसंख्या लिहिलेली होती. मी ती वहीत उतरवून घेऊ लागलो, तेव्हा परिचारिका ताई म्हणाल्या, “सर, ही गावाची. टोळ्या आणि गुऱ्हाळं वेगळी.” त्यांच्या रजिस्टरमध्ये ती ‘वेगळी’ माणसेही होती, पण त्या रजिस्टरवर पदे मंजूर होत नाहीत.

याचा परिणाम कसा होतो? २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात प्रत्येक उपकेंद्राला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी ठरला. पाच हजार लोक असतील तर माणशी दोन रुपये, दहा हजार असतील तर एक. पुढे रकमा बदलल्या, तरी सरसकट रकमेची पद्धत बरीचशी टिकली. गोळ्यांचेही तसेच. रक्तदाबाच्या रुग्णाला कोणी परत पाठवत नाही, पण महिन्याऐवजी पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात. दुसऱ्या खेपेसाठी रोज बुडवायचा की गोळी, हे त्यालाच ठरवावे लागते.

दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. समजा, एका उपकेंद्राला १०० बालकांच्या गोवर लसीकरणाचे उद्दिष्ट दिले आणि ताईंनी १३० बालकांना लस टोचली. अहवालात १३० टक्के काम दिसते. प्रत्यक्षात तिथे १५० बालके असतील, तर खरे प्रमाण ८७ टक्केच. गोवराचा फैलाव रोखायला सुमारे ९५ टक्के बालके संरक्षित असावी लागतात. म्हणजे कागदावर शाबासकी आणि वस्तीत साथीला वाट मोकळी.

एवढी फिरती लोकसंख्या मोजणार कशी, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर शिरूर तालुक्यातच आहे. वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथेच २००२ पासून शिरूर आणि हवेलीतील २२ गावांत घरोघरी ठरावीक काळाने जाऊन जन्म, मृत्यू, आलेले आणि गेलेले नोंदवण्याची व्यवस्था आहे. २०११ अखेर या नोंदीत सुमारे १ लाख ३१ हजार माणसे होती. निकषाने ही चार केंद्रांहून अधिकांची लोकसंख्या होते. मोजणी अशक्य नाही, हे यावरून सिद्ध होते. अर्थात ही संशोधन संस्थेची व्यवस्था आहे. प्रत्येक तालुक्याला इतकी बारीक नोंद परवडणार नाही. पण आशा आणि परिचारिकांच्या वह्यांत ढोबळ आकडा आजही आहे. तो अंदाजपत्रकात घ्यायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून २०१७ च्या धोरणावरील माझा आक्षेप पैसा कमी, एवढाच नाही. खाटांपासून खर्चापर्यंत त्याचे प्रत्येक उद्दिष्ट हा एक अपूर्णांक आहे, आणि छेद कोणी, कधी, कसा ठरवायचा हे त्याने पुरेशा गांभीर्याने सांगितलेले नाही. उद्या निधी दुप्पट झाला, तरी चुकीच्या छेदाने तो चुकीच्या जागी जाईल.

शाळेत करण्याजोगा एक प्रकल्प सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांनी उपकेंद्राच्या फलकावरील लोकसंख्या लिहून घ्यावी. मग गटागटाने वाड्या, चाळी, टोळ्यांच्या कोप्या यांतील माणसे मोजावीत. नावे नकोत, फक्त संख्या. एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा जानेवारीत. दोन्ही आकडे घेऊन ग्राम आरोग्य समितीपुढे आणि ग्रामसभेत उभे राहावे. भागाकार मुलांना येतोच. तो कोणासाठी करायचा असतो, हेही मग त्यांना समजेल.