ट्रॉयच्या दारांतील लढाई

बायरनच्या ‘चाइल्ड हॅरोल्ड’ काव्याच्या चौथ्या सर्गांत (१८१८) व्हेनिसच्या गतवैभवाचें जें स्तवन आहे, त्यांत तुर्कांविरुद्ध तिनें दाखविलेल्या पराक्रमाचे साक्षी म्हणून कवि दोनच नांवें घेतो : एक लेपांटोचें आरमारी युद्ध (१५७१), दुसरें ट्रॉयच्या तोडीचें कँडिया. क्रीटमधील हें शहर सुमारें २१ वर्षें वेढा सोसून १६६९ सालीं पडलें. तेव्हां उपमा यथार्थ आहे. तथापि आम्हांस ती अपुरी वाटते.

याच कँडियासाठीं व्हेनिसचें आरमार खुद्द ट्रॉयच्या दारांत, दार्दानेल्सच्या मुखाशीं, लढलें होतें. क्रीटला जाणारी तुर्कांची रसद तेथेंच तोडावी, हा त्यांतील हेतु. २६ जून १६५६ रोजीं लोरेंझो मार्चेल्लोनें माल्टाच्या साह्यानें तुर्की आरमाराची दाणादाण उडविली. स्वतः मात्र तो कामास आला. पाठोपाठ टेनेडोस व लेम्नोस हीं बेटें हातीं आलीं. परंतु १६५७ सालीं वजीर कोप्रुलू मेहमेद पाशाच्या अमदानींत तुर्कांनीं तीं परत घेतलीं.

हीच सामुद्रधुनी बायरननें १८१० सालीं पोहून ओलांडली, त्यावर कविताहि लिहिली. तेथें त्याला लिअँडर आठवला, मार्चेल्लो आठवला नाहीं! आम्ही यास केवळ विसर म्हणत नाहीं. काव्याला एका दिवसाचा विजय रुचतो, दीर्घ वेढ्याची करुणाहि रुचते. जिंकूनहि हरण्याची कथा मात्र त्याच्या हातून निसटते. आणि व्हेनिसची खरी शोकांतिका तर तीच होय.